काचा वर, आवाज आत

गेल्या महिन्यात सिंहगड रोडवर एका पांढऱ्या गाडीने डावीकडून येऊन माझ्या पुढ्यात नाक खुपसलं. काचा वर होत्या, एसी चालू होता, आणि मी त्या माणसाचं शिक्षण, त्याचं लायसन्स आणि एकूण खानदान यांवर बोलायला लागलो. शेजारी बाबा बसले होते. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "कुणाशी बोलतोयस?"

ऑफिसात मी शांत माणूस म्हणून ओळखला जातो. कोड रिव्ह्यूत कुणाची चूक दाखवायची असेल तर आधी दोन बऱ्या गोष्टी लिहितो. मग गाडीत होता तो कोण?

त्याचं नाव नंतर सापडलं. मिस्टर व्हीलर. डिस्नेच्या 'मोटर मेनिया' या १९५० सालच्या छोट्या कार्टूनमध्ये तो भेटतो. दिग्दर्शक जॅक किनी, नायक गूफी. सहा-सात मिनिटांचा मामला आहे, जेवताना बघून होतो. मिस्टर वॉकर हा मुंगीवरही पाय न देणारा सज्जन. तो गाडीत बसतो, इंजिन सुरू होतं आणि चेहरा बदलून त्याचा व्हीलर होतो. रस्ता त्याच्या मालकीचा, सिग्नल म्हणजे शर्यतीची शिट्टी. गाडी लावून खाली उतरला की पुन्हा वॉकर, आणि आता इतर व्हीलर त्याच्या जिवावर उठलेले.

जेकिल-हाइडची ही गोष्ट नवी नाही, तेव्हाही नव्हती. पण तिथे औषध लागायचं, इथे किल्ली पुरते.

आपल्याकडे ट्रॅफिकचे विनोद ढिगाने आहेत. फॅमिली ग्रुपवर रोज एक तरी येतो. त्यांतला वाईट ड्रायव्हर कायम दुसरा कुणीतरी असतो: रिक्षावाला, स्कार्फ बांधलेली मुलगी, दुसऱ्या शहराची नंबरप्लेट. सांगणारा मात्र फुटपाथवर उभा राहून हसत असतो. मला हे विनोद आवडतात, मी ते पुढे ढकलतोही. पण हसून झाल्यावर अंगाला काही चिकटत नाही. 'मोटर मेनिया'ची चलाखी अशी, की चिरडणारा आणि चिरडला जाणारा यांना तोंड एकच दिलंय. बोट दाखवायला दुसरा माणूसच शिल्लक ठेवलेला नाही.

एक तक्रार आहे. वॉकर फारच गोड आहे. पायी चालताना मीही काही संत नसतो, मोबाइलमध्ये बघत रस्त्यात उतरतो. शिवाय सगळा दोष स्वभावावर टाकून सिनेमा मोकळा होतो. पायी माणसाला जागाच न ठेवणारं शहर कुणी बांधलं, हा प्रश्न त्याला पडत नाही. अमेरिकेत तेव्हा गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येणार नाही अशी उपनगरं उभी राहत होती. व्हीलर तयार व्हायला नुसता राग पुरला नसता.

शेवट मात्र पक्का आहे. गाडीचा चुराडा होतो, टोइंगवाला ती ओढून नेतोय, निवेदक समजुतीच्या चार गोष्टी सांगतोय, आणि व्हीलर त्यालाच गप्प बसायला सांगतो. तिकडच्या ड्रायव्हिंगच्या वर्गांत हे कार्टून शिकवणीसाठी दाखवायचे म्हणे. उपदेश कसा वाया जातो हेच दाखवणारी गोष्ट उपदेशाला वापरायची, हा त्यातला सगळ्यात मोठा विनोद मला वाटतो.

रविवारी बाबांना लॅपटॉपवर दाखवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते संध्याकाळी बागेत जायचे थांबलेत. बाग रस्त्याच्या पलीकडेच आहे. दोन गाड्यांच्या मधे घुसण्याइतका पाय आता उचलत नाही, असं त्यांनी आईला सांगितलंय, मला नाही. शर्यतीच्या भागात मी हसलो, ते नुसते बघत होते. वॉकर फुटपाथवरून पाय खाली टाकतो, परत वर घेतो, पुन्हा टाकतो, तिथे मात्र ते मोठ्यांदा हसले. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "हा पोचतो का रे पलीकडे?"

"गाडीपर्यंत पोचतो," मी म्हणालो. "आणि मग परत तसाच होतो."

"हं," म्हणाले, आणि मागे घेऊन तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला.