वळसंगची विहीर कोणत्या प्रकरणात?

आपल्या इतिहासलेखनाला प्रकरणं पाडायची भारी हौस. प्राचीन राजवटी, मध्ययुग, मग स्वातंत्र्यलढा. आणि जागा उरलीच तर ‘समाजसुधारणा’. सोलापुरापुरती ही मांडणी फारच सोयीची: 1930चा मार्शल लॉ, 12 जानेवारी 1931ला फासावर गेलेले चार हुतात्मे, संपला लढा.

दक्षिण सोलापुरातल्या वळसंगची विहीर यात बसत नाही. गावच्या पाणवठ्यावर मज्जाव असलेल्या दलितांनी ती स्वतः खोदली. 1937 मध्ये बाबासाहेबांनी तिचं पाणी पिऊन ती सुरू केली. महाडशी तिची सरसकट तुलना मला पटत नाही. महाडला 1927 मध्ये हक्क सांगितला तो सार्वजनिक तळ्यावर, आणि मुंबई हायकोर्टाने तो मान्य केला 17 मार्च 1937 रोजी. म्हणजे न्यायालयाचा निकाल बाजूने लागला त्याच वर्षी वळसंगला वेगळी विहीर लागत होती! स्वतःची विहीर हा स्वाभिमान खराच. पण गावच्या विहिरीचा प्रश्न तिने सुटत नाही. गौरवाच्या भाषेत नेमकी हीच बोच हरवते. जयंतीच्या लेखांत विहीर येते ती ‘पावन स्पर्श’ म्हणून. कुदळ चालवणारे हात त्यात नसतात.