नावातले विद्यापीठ : ‘युनिव्हर्सिदाद दे चिले’ या फुटबॉल क्लबच्या इतिहासकथनाची चिकित्सा

प्रास्ताविक

लॅटिन अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये विद्यापीठांची नावे धारण करणारे क्लब अनेक आहेत. मेक्सिकोचा ‘पुमास’, पेरूचा ‘युनिव्हर्सितारियो’, इक्वेडोरमधील कितो शहराचा ‘लिगा देपोर्तिवा युनिव्हर्सितारिया’ आणि चिलीचे दोन क्लब ही त्यांतील ठळक नावे. आपल्याकडे विद्यापीठीय खेळ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, क्रीडागुण आणि वार्षिक स्नेहसंमेलनातील पारितोषिक-वितरण. विद्यापीठाच्या नावाने एखादा व्यावसायिक संघ देशाच्या प्रथम श्रेणीत खेळतो आणि ज्यांनी विद्यापीठाची पायरीही चढलेली नाही असे लक्षावधी लोक त्यासाठी जीव टाकतात, ही कल्पनाच आपल्याला अपरिचित आहे. म्हणूनच या क्लबांचा इतिहास केवळ क्रीडेतिहास म्हणून वाचणे पुरेसे नाही. सांतियागो येथील ‘युनिव्हर्सिदाद दे चिले’ हा क्लब या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्याचे समर्थक त्याला नुसते ‘ला ऊ’, म्हणजे ‘ते यू’, असे म्हणतात. विद्यापीठाचे एक अक्षर तेवढे त्यांनी जवळ ठेवले आहे.

या क्लबची कथा बहुधा तीन अंकांत सांगितली जाते : सुवर्णयुग, अधःपतन आणि पुनरुत्थान. कथन म्हणून ही मांडणी आकर्षक आहे. मात्र ज्या घटनेमुळे क्लबचे स्वरूप मुळापासून बदलले, ती या तीन अंकांच्या फटीत दडून राहते. ती घटना म्हणजे १९८० मध्ये पूर्ण झालेली विद्यापीठ आणि क्लब यांची फारकत. बहुतेक कथनांत तिला एखाद्या वाक्यापलीकडे जागा मिळत नाही.

स्थापना आणि ‘निळे बॅले’

चिली विद्यापीठाची स्थापना १८४२ ची. व्याकरणकार व विधिज्ञ आंद्रेस बेयो हे त्याचे पहिले कुलगुरू. सरकारी, धर्मनिरपेक्ष आणि देशाच्या मध्यमवर्गाला घडविणारे विद्यापीठ अशी त्याची ख्याती होती. २४ मे १९२७ हा क्लबचा स्थापनादिन मानला जातो. विद्यार्थ्यांचे काही क्रीडासंघ एकत्र येऊन तो आकारास आला. १९३८ मध्ये त्याने व्यावसायिक प्रथम श्रेणीत प्रवेश केला आणि १९४० मध्ये पहिले विजेतेपद मिळविले. छातीवर लाल ‘यू’ आणि बोधचिन्ह म्हणून ‘चुंचो’ हे लहान घुबड, ही त्याची ओळख. ग्रीक-रोमन परंपरेत विद्येच्या देवतेचा हा पक्षी; आपल्याकडे घुबडाच्या वाट्याला आलेली अपकीर्ती लक्षात घेता मराठी वाचकाला या निवडीची थोडी गंमत वाटावी.

चाळीस आणि पन्नासच्या दशकांतील ‘विद्यापीठीय क्लासिक’ हा या इतिहासातील सर्वांत समृद्ध आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग होय. चिली विद्यापीठ विरुद्ध कॅथलिक विद्यापीठ या सामन्यांच्या निमित्ताने दोन्हीकडील विद्यार्थी राष्ट्रीय स्टेडियमच्या मैदानावर प्रहसने, समूहगीते व भव्य दृश्यप्रयोग सादर करीत. चिली विद्यापीठाची प्रायोगिक रंगभूमी १९४१ मध्ये सुरू झाली, हे येथे ध्यानात घ्यावे. एका बाजूस धर्मनिरपेक्ष सरकारी संस्था आणि दुसऱ्या बाजूस चर्चची संस्था, असा देशातील जुना वैचारिक वाद येथे हसतखेळत मांडला जात असे. फुटबॉल हे त्या सायंकाळचे एक अंग होते, सर्वस्व नव्हते. क्लबच्या ‘विद्यापीठीय’पणाचा खरा पुरावा शोधायचा तर तो विजेतेपदांच्या यादीपेक्षा येथे अधिक सापडतो. परंतु गोलांची नोंद राहते, प्रहसनांची राहत नाही.

१९५९, १९६२, १९६४, १९६५, १९६७ आणि १९६९ अशी सहा विजेतेपदे मिळविणाऱ्या संघाला ‘बाले असुल’, म्हणजे निळे बॅले, असे नाव पडले. लुइस आलामोस हे या संघाचे शिल्पकार. लिओनेल सांचेस, कार्लोस काम्पोस, सेर्हिओ नावार्रो, लुइस एइसागिरे ही नावे चिलीत आजही आदराने घेतली जातात. १९६२ च्या विश्वचषकात यजमान चिलीने तिसरे स्थान पटकावले, त्या संघात या क्लबचे अनेक खेळाडू होते आणि चार गोल करणारा सांचेस हा स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांपैकी एक होता. त्याच वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपद कॅथलिक विद्यापीठाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ५-३ असे ठरले.

या काळाविषयीच्या स्मरणरंजनात एक गृहीतक असते : विद्यापीठाचे संस्कार आणि संघाचा खेळ हे एकाच झाडाचे फळ होते. हे गृहीतक तपासून घ्यावे लागते. हा संघ घडला तो क्लबच्या कुमार गटांतून, अध्यापनकक्षांतून नव्हे. सांचेस हा मुष्टियोद्ध्याचा मुलगा. पदवीशी त्याचा संबंध नव्हता. विद्यापीठाने दिले ते दुसरेच काही : मैदाने, संघटना, दीर्घकालीन धोरण आणि तातडीच्या नफ्याची अपेक्षा न ठेवणारे आश्रयदातेपण. संयमाने पोसलेली एक पिढी एकत्र वाढली, हे त्या आश्रयाचे फलित म्हणता येईल. पण त्याची मर्यादाही तेथेच दिसते. सोळा-सतरा वर्षे क्लबसाठी खेळलेला सांचेस १९७० मध्ये प्रतिस्पर्धी कोलो-कोलोकडे गेला आणि त्याच वर्षी त्यांच्यासाठी विजेतेपद मिळवून बसला. व्यवसायाचे नियम विद्यापीठाच्या नावालाही सुटले नव्हते.

फारकत

११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्या राष्ट्रीय स्टेडियमवर हे सारे सामने रंगले, तेथेच हजारो नागरिकांना कैदेत ठेवण्यात आले; कित्येकांचा छळ झाला. विद्यापीठावर लष्कराने कुलगुरू नेमले. क्लबच्या इतिहासात या वर्षांचा उल्लेख ‘विजेतेपदांचा दुष्काळ’ एवढाच येतो, हे खेदजनक आहे. दुष्काळ हा शब्द निसर्गाकडे बोट दाखवितो. येथे जे घडले ते माणसांनी केलेले होते.

याच काळात व्यावसायिक फुटबॉलसाठी ‘कॉर्फुच’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि १९८० मध्ये क्लब विद्यापीठापासून वेगळा झाला. ही घटना सुटी पाहिली तर प्रशासकीय सोय वाटते. परंतु १९८१ मध्ये विद्यापीठाची देशभर पसरलेली प्रादेशिक केंद्रे तोडून त्यांतून नवी विद्यापीठे निर्माण करण्यात आली आणि जवळजवळ निःशुल्क असलेल्या उच्चशिक्षणाच्या जागी शुल्काधारित व्यवस्था आणली गेली, हे तिच्या शेजारी ठेवून पाहिले की दोन्ही एकाच प्रक्रियेचे भाग दिसू लागतात. सार्वजनिक संस्थेचे अवयव एकेक करून बाजाराच्या स्वाधीन करावयाचे, ही ती प्रक्रिया. क्रीडेतिहासकार पहिली गोष्ट लिहितात, शिक्षणाचे अभ्यासक दुसरी. दोघांची गाठ क्वचितच पडते. केवळ पैशांच्या गणितातून फारकत झाली, असा प्रतिवाद शक्य आहे आणि व्यावसायिक संघाचा खर्च विद्यापीठाला जड जात होता, हे नाकारण्याचेही कारण नाही. मात्र विद्यापीठाचा स्वयंनिर्णयच हिरावलेला असताना झालेला करार हा दोन मुक्त पक्षांमधला करार म्हणता येत नाही.

पुढचा क्रम सर्वश्रुत आहे. १९८८ च्या हंगामाअखेर, जानेवारी १९८९ मध्ये कोब्रेसालशी २-२ अशी बरोबरी होऊन क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. प्रशिक्षक होते मानुएल पेयेग्रिनी. पुढे युरोपात नाव कमावलेल्या या गृहस्थांनी खेळाडू म्हणून सारी कारकीर्द याच क्लबकडे घालविली. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मात्र त्यांनी घेतली ती प्रतिस्पर्धी कॅथलिक विद्यापीठातून! क्लब एका वर्षात परतला आणि १९९४ मध्ये, पंचवीस वर्षांनी, पुन्हा कोब्रेसालशीच १-१ अशी बरोबरी साधून विजेता ठरला.

या घसरणीच्या काळातच समर्थकवर्ग आटण्याऐवजी वाढला, ही बाब अधिक विचारार्ह आहे. याच सुमारास संघटित झालेल्या समर्थकांनी स्वतःसाठी ‘लोस दे आबाखो’, म्हणजे ‘खालचे लोक’, हे नाव घेतले. शुल्काच्या नव्या व्यवस्थेत ज्यांना विद्यापीठ दुरावले, अशा वस्त्यांतील तरुणांनी त्याचे आद्याक्षर छातीवर मिरवावे, यातील विसंगती कोणाही अध्यापकाला अस्वस्थ करील. तिला केवळ अंधभक्ती म्हणणे सोपे आहे. परंतु सर्वांचे म्हणून जे विद्यापीठ एकेकाळी होते, त्यावरील हक्क या लोकांनी निदान स्टेडियमच्या पायऱ्यांवर सोडला नाही, असेही वाचन शक्य आहे आणि ते अधिक न्याय्य वाटते. अर्थात त्याच पायऱ्यांवर झालेल्या हिंसेकडे डोळेझाक करून हे वाचन उदात्त करणे योग्य नव्हे.

नावाची मालकी

नव्वदच्या दशकापासून २००६ पर्यंत क्लबचे अध्यक्षपद डॉ. रेने ओरोस्को या वैद्यकाच्या अध्यापकाकडे होते. विद्यापीठाशी उरलेला सजीव धागा म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले, विजेतेपदेही आली. पण थकीत करांपोटी २००६ मध्ये कॉर्फुचची दिवाळखोरी जाहीर झाली आणि कारभार न्यायालयनियुक्त प्रशासकाकडे गेला. २००५ च्या कायद्याने क्रीडा-कंपन्यांचा मार्ग खुला केलाच होता. २००७ मध्ये ‘असुल असुल’ या कंपनीने दीर्घ मुदतीच्या कराराने क्लब चालविण्यास घेतला आणि २००८ मध्ये तिचे समभाग सांतियागोच्या शेअर बाजारात आले. विद्यापीठाकडे उरले ते नाव व चिन्ह यांवरील हक्क आणि संचालक मंडळातील प्रतिनिधित्व.

येथे पुनरुत्थानाचा अंक सुरू होतो आणि त्याचा कळस म्हणजे २०११ ची कोपा सुदामेरिकाना. होर्हे साम्पाओली यांच्या संघाने एकही सामना न गमावता ती जिंकली. एदुआर्दो वार्गासने स्पर्धेत अकरा गोल केले. खेळ म्हणून तो संघ अप्रतिम होता, याविषयी दुमत नसावे. कंपनीच्या व्यवस्थापनाचे हे यश, असे प्रतिपादन त्यानंतर वारंवार झाले. मात्र साम्पाओली आणि त्यांचे प्रमुख खेळाडू पुढच्या एक-दोन वर्षांतच विकले किंवा बाहेर गेले. निळ्या बॅलेला दशकभर एकत्र ठेवणारी व्यवस्था आणि हा संघ वर्षभरात मोडणारी व्यवस्था यांची तुलना त्या प्रतिपादनात येत नाही.

त्या अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी संघ होता कितोचा ‘लिगा देपोर्तिवा युनिव्हर्सितारिया’. तोही मुळात विद्यापीठीयच. पहिला सामना कितोमध्ये १-० असा आणि दुसरा सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर ३-० असा चिलीच्या संघाने जिंकला. दोन विद्यापीठांच्या नावांनी खंडाचा चषक खेळला जात होता, त्याच वर्षी चिली विद्यापीठाचे विद्यार्थी निःशुल्क सार्वजनिक शिक्षणाच्या मागणीसाठी महिनोन्‌महिने सांतियागोच्या रस्त्यांवर होते.