कथा, लघुनिबंध आणि नियतकालिकाची निवड

कोपरखैरण्यात मूळचे आगरी-कोळी गाव, त्याभोवती सिडकोने आखलेली वसाहत आणि तीत स्थिरावलेली माथाडी कामगारांची कुटुंबे एकत्र नांदतात. ह्या जीवनावर एखाद्या विद्यार्थ्याने कथा लिहिली, तर ती कोठे पाठवावी, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा भासतो. वस्तुतः तो समीक्षेचा आहे. कारण नियतकालिक हे कथेचे केवळ वाहन नसते, पुष्कळदा तिच्या घडणीतही त्याचा वाटा असतो.

मराठी कथेच्या इतिहासात ह्याची साक्ष मिळते. हरिभाऊ आपट्यांची 'स्फुट गोष्ट' १८९० मध्ये निघालेल्या 'करमणूक' पत्राच्या आश्रयाने वाढली. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने वि. सी. गुर्जरांच्या 'संपूर्ण गोष्टी'ला घर दिले. त्याच मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली. ना. सी. फडक्यांची 'गुजगोष्ट', म्हणजे आपला लघुनिबंध, 'रत्नाकर'मध्ये रुळली. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर प्रभृतींच्या नवकथेस 'सत्यकथे'ने बळ दिले.

तथापि जी कसोटी एका पिढीस घडविते, तीच दुसरीस कुंपण वाटू शकते. १९६९ मध्ये मुंबईत 'सत्यकथे'च्या अंकाची होळी झाली, ती ह्याच असंतोषातून. त्याच सुमारास गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेहून 'अस्मितादर्श' उभे केले. त्यामुळे दलित लेखकांना छापील पाने तर मिळालीच. पण त्याहून मोलाचे म्हणजे त्यांचा अनुभव जाणणारा वाचकही मिळाला. 'साभार परत' हा शेरा म्हणजे नेहमीच गुणवत्तेचा निवाडा नव्हे, असे यावरून म्हणता येईल.

'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. आज नव्या कथेची भिस्त बहुतांशी दिवाळी अंकांवर आहे. म्हणून कथा पाठविण्यापूर्वी त्या अंकाची मागील दोन-तीन वर्षे वाचणे अगत्याचे होय. तेथे कथा किती विस्ताराची असते, लघुनिबंधास जागा आहे काय, आणि मुख्य म्हणजे पात्रांच्या बोलीस तेथे कितपत मोकळीक मिळते, हे पाहिले पाहिजे. कोपरखैरण्याच्या कथेतील आगरी संवाद संपादकाने प्रमाणभाषेत बसवून छापले, तर लेखकाचे नाव झळकेल, पण कथा हरवेल. अशा स्वीकारापेक्षा नकार पत्करणे श्रेयस्कर होय.