वखारीची खतावणी आणि खिडकीबाहेरची माणसं

राजापूर, कारवार, हुबळीच्या इंग्रज वखारींची पत्रं चाळणाऱ्या आपल्या मंडळींना एक अडचण चांगलीच ठाऊक आहे. कागद कंपनीचे, भाषा कंपनीची, आणि आपल्याला माहिती हवी असते ती वखारीच्या दारात आलेल्या माणसांची. या अडचणीवर आकड्यांच्या वाटेने कसं जाता येतं, आणि ती वाट कुठे संपते, हे समजून घ्यायला एक जुनं पुस्तक फार उपयोगी आहे: आर्थर रे आणि डोनाल्ड फ्रीमन या दोन भूगोलतज्ज्ञांचं 'गिव्ह अस गुड मेजर' (१९७८).

विषय कॅनडातला आहे. हडसन उपसागराच्या काठी हडसन्स बे कंपनीची केसाळ कातड्यांच्या खरेदीची ठाणी होती, त्यांचा १७६३ पर्यंतचा व्यवहार. कंपनीला सनद दिली १६७० साली दुसऱ्या चार्ल्सने. दोनच वर्षं आधी याच राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं होतं. हेझ नदीच्या मुखाशी १६८४ साली उभं राहिलेलं 'यॉर्क फॅक्टरी' हे या ठाण्यांपैकी मोठं. फॅक्टरी म्हणजे कारखाना नव्हे. सुरतेला होती तशीच ती वखार, आणि तिचा प्रमुख तो फॅक्टर. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात इंग्लंडहून जहाज यायचं. बंदुका, दारू-गोळी, किटल्या, घोंगड्या, तंबाखू उतरवून कातडी भरून परत जायचं. युरोपात टोप्यांसाठी बीव्हरच्या लोकरीला मागणी होती, त्यावर हा सगळा डोलारा उभा.

इथे नाणं चालत नसे. हिशेबाचं माप होतं 'मेड बीव्हर', म्हणजे पूर्ण वाढीच्या बीव्हरचं एक उत्तम कातडं. बंदुकीला इतके, किटलीला इतके, असे दर लंडनहून ठरून येत. इतर जनावरांच्या कातड्यांचे भावही याच मापात.

आता पुस्तकाचा खरा मुद्दा. कंपनीचे इतिहासकार ई. ई. रिच यांनी असं मांडलं होतं की मूळ रहिवाशांच्या गरजा ठरावीक होत्या. भाव वाढवून दिला तर ते जास्त कातडी आणण्याऐवजी कमीच आणत. अब्राहम रॉटस्टाइन यांच्या मते हा व्यवहार बाजारापेक्षा राजकीय तहासारखा होता. रे आणि फ्रीमन यांनी या वादात सिद्धांताला सिद्धांताने उत्तर दिलं नाही. त्यांनी सरळ खतावण्या उघडल्या, आणि त्यात त्यांना एक रकाना सापडला: 'ओव्हरप्लस'. आपण त्याला वरकड म्हणू.

लंडनचे दर कागदावर स्थिर होते, पण फॅक्टर प्रत्यक्षात जास्त कातडी घेत, नाहीतर दारूगोळ्याचं माप कमी भरत. आपल्याकडे याला काटा मारणं म्हणतात. त्यातून उरलेलं ते वरकड, आणि त्याचाही हिशेब लिहिला जाई. अधिकृत दर आणि प्रत्यक्ष दर यांतला फरक असा खुद्द कंपनीच्याच वहीतून मोजता येतो. तो मोजल्यावर दिसतं काय? फ्रेंच व्यापारी जिथे जवळ होते, तिथे वरकड काढायला फॅक्टरला वाव कमी. म्हणजे समोरचा माणूस दुसरं दुकान बघून येत होता. किटली जड आहे, बंदूक थंडीत फुटते, अशा तक्रारीही कागदांत आहेत, आणि कंपनीला त्यांची दखल घ्यावी लागली. पुस्तकाचं नावच मुळी व्यापाराआधीच्या समारंभात क्री नायक जी मागणी करीत तिच्यावरून आलंय: माप भरून द्या.

मी इंजिनिअरिंगमधून इतिहासाकडे आलो, त्यामुळे ही पद्धत मला मनापासून पटते. वहीचा हेतू एक, आणि तिच्यातून निघालेली साक्ष दुसऱ्याच्या बाजूची. 'भोळे आदिवासी मण्यांवर भुलले' ही गोष्ट यापुढे कोणी सांगू नये.

पण मीटर हे त्यातून गेलेली वीजच मोजतं. यॉर्क फॅक्टरीत व्यापार चालायचा तो भिंतीतल्या खिडकीतून, आणि खतावणीतही खिडकीतून आत-बाहेर गेलेलंच येतं. होड्या घेऊन येणारे क्री आणि असिनिबॉइन हे बऱ्याच अंशी मध्यस्थ होते. आतल्या प्रदेशात ज्याने जनावर धरलं, त्याला काय मिळालं हे वहीला माहीत नाही. मध्यस्थांचा विचार लेखकांनी केला आहे. बायकांच्या कामाचं मात्र तसं नाही. सुरुवातीच्या काळात ज्याला चढा भाव होता, ते कातडं एक-दोन वर्षं अंगावर वापरून राठ केस झडलेलं असे. ते कमावून, शिवून अंगरखा करणारी बाई होती. वहीत त्याची नोंद 'कोट बीव्हर' एवढीच. पुस्तकातला 'चोखंदळ ग्राहक' म्हणूनच मला जरा जास्तच एकटा वाटतो. त्याच्यामागे घर दिसत नाही.

ही बाजू सिल्व्हिया व्हॅन कर्क यांच्या 'मेनी टेंडर टाइज' (१९८०) मध्ये आहे. बर्फातल्या चपट्या जोड्यांची जाळी विणणं, पायताणं शिवणं, दुभाषाचं काम हे सगळं बायका करीत. लंडनची या बायकांशी संबंध ठेवायला मनाई होती, वखारीतले साहेब ती पाळत नसत, आणि वखारीची रोजनिशी मात्र लंडनलाच जायची. तेव्हा त्या रोजनिशीतलं मौन हा योगायोग नाही. लिहिणाऱ्याला न लिहिण्याचं कारण होतं.

थानाडेल्थरचंच उदाहरण घ्या. क्रींच्या कैदेतून सुटलेली ही डेने तरुणी १७१४ मध्ये यॉर्क फॅक्टरीत पोचली. फॅक्टर जेम्स नाइट याला उत्तरेकडे व्यापार वाढवायचा होता. १७१५ मध्ये विल्यम स्टुअर्ट आणि क्रींच्या मोठ्या टोळीबरोबर ती निघाली आणि दोन वैरी जमातींत तह घडवून १७१६ मध्ये परतली. ५ फेब्रुवारी १७१७ रोजी ती वारली. नाइटने तिची तोंडभरून स्तुती लिहिली आहे, पण तिचं नाव कुठेही नाही. 'स्लेव्ह वुमन' एवढाच उल्लेख. नाव टिकलं ते डेने लोकांच्या तोंडी परंपरेत.

म्हणून माझं म्हणणं असं की ही दोन्ही पुस्तकं जोडीनेच वाचावीत. रे आणि फ्रीमन यांच्याकडून रकाने उलटे तपासायला शिकावं: अधिकृत दर कोणता, प्रत्यक्ष कोणता, मधला फरक कुठे गेला. आणि व्हॅन कर्क यांच्याकडून हे विचारायला शिकावं की हा कागद कोणाकडे जाणार होता, आणि त्याला काय कळू द्यायचं नव्हतं. राजापूरच्या लुटीची नुकसानभरपाई मागणारी वखारवाल्यांची पत्रं आपण वाचतो, तेव्हाही हे दोन्ही प्रश्न विचारायला हवेत. आणि त्या गावात अजून कोणाच्या तोंडी काही उरलं असेल, तर तेही वेळेत लिहून घ्यायला हवं.