रिगोलेत्तोचं कुबड

मित्रहो, मागच्या वेळी आम्ही अ‍ॅरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. जे काढलं तर वस्तू ती वस्तूच राहत नाही ते सारभूत, आणि जे बदललं तरी चालतं ते आगंतुक, हा भेद आपण पाहिला. त्यावर तुमच्यापैकी काहींनी विचारलं, की कलाकृतीत सारभूत काय हे ठरवायचं कोणी? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज एक प्रत्यक्ष प्रकरणच घेऊ.

व्हेनिस, १८५० चा हिवाळा. ला फेनिचे या नाट्यगृहात नव्या ऑपेराची तयारी चालू आहे. (ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटक नव्हे, बरं का. इथे गद्य संवाद नाहीत. खुनाचा सौदासुद्धा गाऊनच होतो.) संगीतकार व्हेर्दी, संहिता पियावेची, आणि मूळ नाटक व्हिक्टर ह्यूगोचं. ते नाटक १८३२ साली पॅरिसमध्ये एका प्रयोगानंतर बंद पाडलं गेलं होतं, कारण त्यात फ्रान्सचा राजा लंपट दाखवला होता. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाचं राज्य. १८४८चं बंड मोडून शहर पुन्हा ताब्यात घेतल्याला जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. डिसेंबरात हुकूम आला : हे चालणार नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. कुबड असलेला दरबारी विदूषक. मालकाने ज्याची मुलगी नासवली अशा एका म्हाताऱ्या बापाची तो भर दरबारात टर उडवतो. म्हातारा त्याला शाप देतो. आणि या विदूषकाला स्वतःलाच एक मुलगी आहे, जिल्दा, जगापासून लपवून ठेवलेली. तीही मालकाच्या हाती लागते. विदूषक सुपारी देतो. रात्री पोत्यात घालून प्रेत त्याच्या ताब्यात मिळतं. ते मालकाचं नसतं, जिल्दाचं असतं.

पियावे बिचारा घाबरला. त्याने सुधारून दिलेल्या मसुद्यात कुबड नव्हतं, पोतं नव्हतं, मालकाचा लंपटपणा पुसट झाला होता. व्हेर्दीने नाट्यगृहाच्या अध्यक्षांना १४ डिसेंबरला पत्र लिहिलं. ते रागाचं पत्र आहे, पण आमच्या मते त्या शतकातल्या उत्तम समीक्षालेखांपैकी एक आहे. त्याचा आशय असा : मालक लंपट नसेल तर बापाच्या शापाला कारणच उरत नाही, शाप हास्यास्पद होतो. पोत्याशी पोलिसांचा काय संबंध? ते परिणामकारक ठरेल की नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं का? आणि कुबड्या गातो, यात वावगं काय? बाहेरून बेढब आणि आतून प्रेमाने भरलेला, म्हणूनच तर हा विषय मी निवडला.

शेवटी तडजोड झाली. राजाचा ड्यूक झाला, फ्रान्सचं मान्तुआ झालं, विदूषकाचं नाव रिगोलेत्तो झालं. कुबड, पोतं आणि शाप राहिले. ११ मार्च १८५१ ला प्रयोग झाला आणि गाजला. म्हणजे गाव, नाव, पदवी आगंतुक; ही तीन सारभूत. व्हेर्दीने अ‍ॅरिस्टॉटल वाचला होता की नाही ते सोडा, काम त्याने तेच केलं. एक मात्र आम्हाला अजून खटकतं. ह्यूगोच्या नाटकात मुलगी सुटकेसाठी धावत एका खोलीत शिरून दार लावून घेते, आणि ती खोली नेमकी राजाची निघते. राजा शांतपणे खिशातून किल्ली काढतो. हा प्रसंग ऑपेरात गेला. ड्यूक त्यामुळे थोडा सौम्य झाला, हे नुकसानच.

पोत्याबद्दल पोलिसांचं चुकलं ते कसं, पाहा. रिगोलेत्तो पोतं नदीत ढकलणार, इतक्यात लांबून ड्यूकचं गाणं ऐकू येतं. तेच उडतं, बायकांच्या चंचलपणाचं गाणं, जे प्रेक्षक थोड्या वेळापूर्वी मजेत ऐकत होते. चालीत तसूभर बदल नाही. पण आता पायाशी पोतं आहे. गाणारा जिवंत आहे, तर मग यात कोण? गद्य नाटकाला इथे कुणाकडून तरी बातमी आणवावी लागेल; ऑपेरात ती एका हलक्याफुलक्या चालीनेच कळते. पोतं काढा, की उरतं फक्त एक लोकप्रिय गाणं.

आता कुबड. आजच्या कंपन्या ते पुष्कळदा गाळतात किंवा दुसरं काही आणतात. १९८२ साली लंडनमध्ये जोनाथन मिलरने हा ऑपेरा न्यूयॉर्कच्या इटालियन टोळ्यांत नेला, २०१३ साली मेट्रोपॉलिटनने लास व्हेगासच्या जुगारघरात. स्थळकाळ हलवल्याची आमची तक्रार नाही. ते व्हेर्दीनेच हलवलं होतं. पण कुबडाचं काय?

आमच्या वर्गात कुबडी घेऊन येणारा एक विद्यार्थी होता. या ऑपेरावर बोलून झाल्यावर तो उभा राहिला : "सर, दुष्टपणा दाखवायला वाकडं शरीरच का लागतं?" आम्ही तेव्हा छापील उत्तर दिलं, की इथे तसं नाही, देखणा ड्यूक सगळ्यात वाईट, सगळ्यात गोड चाली त्याच्याच तोंडी, आणि त्याचं काहीच बिघडत नाही. हे खरं आहे. सुंदर गळा म्हणजे सुंदर मन, हा आपला समज हा ऑपेरा मोडतो, आणि त्यासाठी कुबड लागतंच.

तो खाली बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि आज वाटतं की त्याचं बरोबर होतं. मारेकरी भेटून गेल्यावर रिगोलेत्तो एकटा गातो, तेव्हा मला दुष्ट केलं म्हणून तो माणसांना दोष देतो तसा निसर्गालाही देतो. माणसांना दिलेला दोष आपल्याला पटतो. निसर्गाला दिलेला? तिथे ही कलाकृती त्या मुलाने ज्यावर बोट ठेवलं तेच अर्धंमुर्धं मानते. कुबड गाळणारी कंपनी हा प्रश्नच गाळते, ठेवणारी कंपनी बहुधा बॅरिटोनच्या पाठीला गादी बांधून मोकळी होते. तालमीत त्या स्वगताच्या ओळीपाशी थांबून, हा माणूस इथे स्वतःबद्दल खरं बोलतोय की दरबाराने शिकवलेलं बोलतोय, हे गायकाला विचारणारा दिग्दर्शक आम्हाला अजून पाहायचा आहे.