‘रुळणे’ आणि ‘मावशी’ : आनंदीबाई जोशी यांच्या परदेशवासाचे पहिले दिवस

परदेशप्रवासाची मराठी वर्णने वाचताना एक उणीव वारंवार जाणवते. बोट सुटते, समुद्र लागतो, आणि पुढच्याच प्रकरणात लेखक त्या देशाविषयी मते देऊ लागलेला असतो. मधले दिवस, ज्यांत पाणी मानवत नाही, झोप अवेळी येते, आणि आपली हाक कोणाला ओळखू येत नाही, ते बहुधा गाळले जातात. या अवस्थेला मराठीत ‘रुळणे’ असे नेमके क्रियापद आहे. पायवाट रुळते, नवी सून सासरी रुळते. एकट्याने परदेशी गेलेले माणूस कसे रुळते, याचा विचार करण्यास आनंदीबाई जोशी यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले व ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. पती गोपाळराव मागेच राहिले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात इंग्रजीतून केलेल्या भाषणात त्यांनी लोकांचे आक्षेप एकेक घेऊन त्यांना उत्तरे दिली. ‘एकटी का जातेस?’ हा त्यांतील एक प्रश्न. चरित्रकारांना येथे धैर्य दिसले, आणि ते होतेच. परंतु आनंदीबाई खरोखर कितपत एकट्या होत्या, हे धैर्याच्या मोजमापाने कळत नाही. ते त्यांच्या शब्दांवरून पाहावे लागते.

त्यांतील एक शब्द ‘मावशी’. न्यू जर्सीमधील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत असता एका मिशनरी मासिकाच्या जुन्या अंकात गोपाळरावांचे पत्र वाचले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. प्रत्यक्ष भेटीच्या कितीतरी आधी त्या आनंदीबाईंच्या मावशी झालेल्या होत्या. इंग्रजीत या नात्याला जो एक शब्द आहे तो आईची बहीण, बापाची बहीण, काकू, मामी या सर्वांना पुरतो. मराठीला ही सोय नाही. मराठी बोलणाऱ्याला निवड करावीच लागते, आणि निवड केली की नात्याचा सारा संसार बरोबर येतो. ‘आत्या’ म्हटले असते तर? आमच्या मराठवाड्यात, जेथे मामाची मुलगी करण्याचा प्रघात बहुतेक जातींत आहे, तेथे मुलीच्या दृष्टीने आत्या ही होणारी सासू; आणि नाते नसले तरी सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याची रीत जुनी आहे. मावशी मात्र आजोळची. तिच्या घरी जाब नाही, पदराकडे डोळा नाही. ज्या विवाहित मुलीला रुळणे म्हणजे सासरी रुळणे एवढेच ठाऊक असावयाचे, तिने परक्या देशाला सासर न करता आजोळ केले. नांदेड-लातूरच्या वाचकाला ही निवड कदाचित मुंबईच्या वाचकाहून अधिक जाणवेल.

श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीचा भर, नावावरूनच उघड आहे, तो पतिपत्नीच्या संबंधावर आहे. कादंबरीकाराला तो अधिकार आहे. पण कादंबरी हेच चरित्र असे समजून समीक्षाही त्या दोन माणसांतच अडकून पडली, हे इष्ट झाले नाही. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशी गोपाळरावांच्या टपालखात्यातील बदल्यांची वाट आनंदीबाईंनी आधीच तुडविली होती. बंगालात त्यांची भाषा, वेष, पतीबरोबर बाहेर फिरणे, सारेच लोकांना विचित्र वाटे. म्हणजे परदेश त्यांना बोटीत बसण्यापूर्वीच भेटला होता.

ही गोष्ट आमच्या भागात समजावून सांगावी लागत नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. नांदेडहून हैदराबादला शिकावयास जाणाऱ्या मराठी मुलाला पहिले काही दिवस दुसऱ्या भाषेत श्वास घ्यावा लागे. पुढे १९५६ नंतर वाट पुण्या-मुंबईकडे वळली, तेव्हा भाषा आपलीच, पण ‘मी इथं राहायलो’ म्हणताच वर्ग हसे. आज परदेशी गेलेली मुले पहिला मजकूर प्रमाण मराठीत धाडतात. चारदोन दिवसांनी ‘राहायलो’, ‘जमायलंय’ परत येते. मी याला रुळल्याची खूण मानतो.

वर्गात मात्र लातूरच्या एका विद्यार्थिनीने याच मांडणीवर बोट ठेवले. एस. टी. स्टँडावर पेरू विकणारीलाही आपण मावशीच म्हणतो. तो केवळ शिष्टाचार, त्यावर एवढी इमारत का उभारावी? आक्षेप खरा आहे. शब्द उच्चारणे आणि नाते निभावणे यांत अंतर असते, आणि ते अंतर शब्दशास्त्राला एकट्याने मोजता येत नाही. येथे शब्दाबाहेरचा पुरावाच पाहिला पाहिजे. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली, आणि त्यांनी ती पकिप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.