८३ पट झूम आणि तीन किलोचा हट्ट

भारतवारीची तिकिटं काढून झाली की आपल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. "पक्षी टिपायचेत, देवळांची शिखरं टिपायचीत. मोठा झूम असलेला एकच कॅमेरा घेऊ, की सरळ डीएसएलआर आणि त्यावर मोठी लेन्स?" उत्तरंही ठरलेली असतात. एक गट म्हणतो, छोट्या सेन्सरचं खेळणं घेऊ नका, पस्तावाल. दुसरा म्हणतो, पाचव्या हिश्शाच्या किमतीत ८३ पट झूम मिळतोय, मग हमाली कशाला करायची? मी बरीच वर्षं पहिल्या गटात होते. आता तिथून उठले आहे, पण दुसऱ्या गटातही जाऊन बसलेले नाही. त्याचं कारण तुम्हाला सांगायचं आहे, कारण या प्रश्नापायी मी माझ्या वडिलांना काही काळ उगाचच कमी लेखलं.

आमच्या घरात दोन कॅमेरे आहेत. माझा निकॉन डी-५००, २०१६ साली बाजारात आलेला, आणि त्यावर २००-५०० मिलिमीटरची लेन्स. बाबांचा निकॉन कूलपिक्स पी-९००, २०१५चा. बाबा पुण्याहून उन्हाळ्यात आमच्याकडे न्यू जर्सीला येतात आणि पक्षी बघणं हा त्यांचा जुना नाद. "तुम्हाला हा पुरे," असं म्हणून तो मीच त्यांना घेऊन दिला. त्या 'पुरे'मध्ये काय दडलं होतं, ते मला पुढे कळलं.

आधी दोघांची ओळख करून देते. पी-९०० हा 'ब्रिज' कॅमेरा, म्हणजे खिशातला कॅमेरा आणि डीएसएलआर यांच्यामधला पूल. दिसायला डीएसएलआरसारखा, पण लेन्स कायमची जोडलेली. वजन ८९९ ग्रॅम, अमेरिकेत आला तेव्हा किंमत सुमारे ६०० डॉलर. डी-५०० बॅटरी आणि कार्डासह ८६० ग्रॅम, त्यावरची लेन्स २.३ किलो. दोन्ही मिळून तीन किलोंच्या वर. किंमत तेव्हा कॅमेऱ्याची २००० आणि लेन्सची १४०० डॉलर.

आता त्या ८३ पटीबद्दल. हा आकडा ऐकून डोळे विस्फारतात, पण तो लेन्सची तुलना तिच्या स्वतःशीच करतो. सगळ्यात रुंद दृश्य २४ मिलिमीटर, सगळ्यात लांबचं २०००. एकाला दुसऱ्याने भागलं की ८३. (हे आकडे ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबातले.) त्याच न्यायाने माझी लेन्स फक्त अडीच पट झूमची ठरते! पण डी-५००चा सेन्सर फिल्मपेक्षा लहान असल्याने तिची लांब बाजू ७५० मिलिमीटरसारखी वागते. तेव्हा खरी तुलना ८३ विरुद्ध अडीच अशी नाहीच. ती २००० विरुद्ध ७५० अशी आहे. फरक मोठाच आहे, पण जाहिरातीत भासतो तेवढा नाही.

मग २००० मिलिमीटर मिळतात कसे? सेन्सर लहान करून. पी-९००चा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान, जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. डी-५००चा २३.५ बाय १५.७, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढा. क्षेत्रफळात तेरा पट फरक. पी-९००ची लेन्स प्रत्यक्षात फक्त ३५७ मिलिमीटरची आहे. तिने पाडलेल्या चित्राचा अगदी छोटा तुकडा तो चिमुकला सेन्सर उचलतो, म्हणून पक्षी मोठा दिसतो. हे कळलं तेव्हा मला वाटलं, प्रश्न सुटला. तुकडाच उचलायचा तर माझ्या मोठ्या फोटोतून मीही कापून काढीन की!

तसं होत नाही हे मला एका ऑस्प्रेने शिकवलं.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, अटलांटिक सिटीच्या उत्तरेला, एडविन बी. फोर्साइथ अभयारण्य आहे. खाजणातून आठ मैलांचा रस्ता गाडीने फिरता येतो आणि पाण्यापलीकडे कॅसिनोंच्या इमारती दिसतात. तिथल्या खांबांवर बांधलेल्या मचाणांवर ऑस्प्रे घरटी करतात. मासे पकडून खाणारा हा शिकारी पक्षी डीडीटीमुळे या किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीसा झाला होता, त्या औषधावर १९७२मध्ये बंदी आल्यावर हळूहळू परतला. आता त्यातल्या काहींच्या पायात अक्षरं-आकडे असलेलं लाल कडं असतं. ते दुरून वाचता आलं, तर तो पक्षी कोणता, कधीचा, कुठला, हे कळतं.

जूनची सकाळ होती. दीडएकशे मीटरवर एक मादी मचाणाच्या कडेला बसली होती आणि पायात लाल काहीतरी चमकत होतं. मी माझी तोफ गाडीच्या खिडकीवर टेकवून दहा-बारा फोटो काढले. घरी येऊन कापून मोठे केले, तर कडं लाल आहे एवढंच नक्की सांगता येत होतं. बाबांनी आपला कॅमेरा माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "अगं, मी तर गाडीतच वाचलं." त्यांच्या फोटोत अक्षरं स्पष्ट होती.

हिशेब साधा आहे. दीडशे मीटरवर डी-५००चा एक पिक्सेल सव्वा मिलिमीटर जागा टिपतो, पी-९००चा अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर. अक्षर आठ मिलिमीटर उंच धरलं, तर माझ्या फोटोत त्याला सहा-सात पिक्सेल येतात आणि बाबांच्या फोटोत चौदा. माझा २०.९ मेगापिक्सेलचा फोटो २००० मिलिमीटरच्या दृश्याएवढा कापला, तर हातात तीन मेगापिक्सेलसुद्धा उरत नाहीत. पी-९००चे सगळे १६ त्या तुकड्यावरच खर्च झालेले असतात.

ते १६ खरे १६ नसतात, हेही सांगायला हवं. पूर्ण झूमवर त्या लेन्सचं छिद्र एफ/६.५ असतं. अशा छिद्रातून आलेला प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर बिंदू राहत नाही. त्याची नऊएक मायक्रॉनची तबकडी होते आणि पी-९००चा एक पिक्सेल तर १.३ मायक्रॉनचा. म्हणजे एका बिंदूचा प्रकाश शेजारच्या अनेक पिक्सेलांत सांडतो. म्हणून पिसांची धार मऊ, जरा धुतल्यासारखी दिसते. वर कॅमेरा सगळं जेपीजीमध्येच देतो, कच्ची रॉ फाइल मिळत नाही. (ती २०२०मध्ये आलेल्या पी-९५०ने दिली.) पण अक्षर वाचायला मऊ धार पुरते. त्या सकाळी डीएसएलआर हरला आणि अगदी नियमाने हरला.

आता नाण्याची दुसरी बाजू. त्याच दिवशी सूर्य कलल्यावर नर मासा घेऊन आला. त्याने पाण्यावर घिरट्या घातल्या, पंख मिटले आणि पाय पुढे करून सूर मारला. माझ्याकडे सुराचे वीसएक फोटो आले, त्यातल्या सहा-सातांत डोळाही रेखीव. बाबांकडे एकात आभाळ, दुसऱ्यात पाणी.

यात बाबांच्या हाताचा दोष नाही. २००० मिलिमीटरवर चौकटीची रुंदी जेमतेम एक अंश असते, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढी. त्यात उडता पक्षी सापडणं म्हणजे नळीतून डास शोधणं. माझ्या चौकटीत पाच चंद्र मावतात. शिवाय डीएसएलआरमध्ये फोकससाठी वेगळा सेन्सर असतो. आरशातून आलेला थोडा प्रकाश खाली वळवून तो पक्षी पुढे आहे की मागे, हे एका क्षणात ठरवतो. ब्रिज कॅमेऱ्याच्या या पिढीत चित्राचा उठाव वाढतो की घटतो हे पाहत, मागेपुढे चाचपडत फोकस लागतो. डी-५०० सेकंदाला दहा फोटो घेतो आणि रॉमध्ये दोनशेपर्यंत न थांबता घेत राहतो. पी-९०० सेकंदाला सात घेतो, पण सातावरच दम खातो. सूर मारणारा पक्षी काही त्यासाठी थांबत नाही.

आणि मग प्रकाश. पूर्ण झूमवर पी-९००चं प्रकाश आत घेणारं तोंड साधारण ५५ मिलिमीटर व्यासाचं, कटिंग चहाच्या ग्लासाएवढं. माझ्या लेन्सचं ८९ मिलिमीटर, आमटीच्या वाटीएवढं. एकाच पक्ष्याकडून येणारा प्रकाश वाटीत अडीच पटींहून जास्त पडतो. सकाळच्या उन्हात हा फरक जाणवत नाही. संध्याकाळी किंवा रानाच्या सावलीत ग्लास रिकामा राहतो, कॅमेरा आयएसओ वाढवतो आणि पिसांच्या जागी मेण दिसू लागतं. त्या तीन किलोंचा मोठा हिस्सा या वाटीच्या काचेचा आहे. डीएसएलआरचे पैसे आपण मोजतो ते झूमसाठी नव्हे, प्रकाशासाठी आणि चपळाईसाठी.

हाच हिशेब मंडळाच्या गणेशोत्सवात लावून बघा. शाळेचं भाड्याने घेतलेलं सभागृह, स्टेजवर मंद दिवे, आपली पोरं लेझीम खेळतायत. तुम्ही मागच्या रांगेत. ब्रिज कॅमेऱ्याचा झूम वाढवत नेला की छिद्र एफ/२.८वरून एफ/६.५पर्यंत आकसत जातं. डीएसएलआरवर ८५ मिलिमीटर एफ/१.८ची लहानशी लेन्स चढवा. एफ/५.६च्या तुलनेत जवळपास दहा पट प्रकाश येईल आणि लेझीम हवेत थिजलेली दिसेल. लेन्स बदलता येणं ही चैन नाही, अशा वेळी तीच गरज असते.

म्हणून दोन्ही गटांचं म्हणणं मला अर्धवट वाटतं. जाहिरात झूमचा आकडा सांगते आणि प्रकाशाबद्दल गप्प बसते. जाणकार सेन्सरचं माप सांगतात, पण स्थिर आणि दूरच्या गोष्टीपुढे, भर उन्हात, तो छोटा सेन्सरच कामाचा असतो हे कबूल करत नाहीत. मी त्या जाणकारांतली होते. 'तुम्हाला हा पुरे' म्हणताना माझ्या मनात होतं की चांगला फोटो माझा येणार आणि बाबांना नुसता विरंगुळा हवा. प्रत्यक्षात बाबांना फोटो नकोच होता. त्यांना त्या पक्ष्याची ओळख पटवायची होती. कड्यावरचा क्रमांक त्यांनी नोंदवला तेव्हा उत्तर आलं की ती मादी याच किनाऱ्यावर अंड्यातून बाहेर आली होती आणि काही वर्षांनी घरटं करायला इथेच परतली. बाबांनी ते आईला फोन करून सांगितलं, नातवाला सांगितलं, शेजारच्यांनाही सांगितलं. माझे सुराचे फोटो सगळ्यांनी "वा, सुंदर!" म्हणून बघितले आणि पुढे सरकवले.

मग घ्यायचं काय? तुम्हाला काय बघायचं आहे, तिथून सुरुवात करा. चंद्र, बसलेला पक्षी, कड्यावरचं घरटं, शिखरावरचं कोरीव काम, तेही दिवसाउजेडी: ब्रिज घ्या आणि संकोच बाळगू नका. आज नवा घेणार असाल तर रॉ देणारा बघा. पी-९००वर लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबलं की झूम क्षणभर मागे येतो आणि हरवलेला पक्षी पुन्हा सापडतो. ते बोटाच्या सवयीचं करा. उडते पक्षी, पहाट-संध्याकाळ, स्टेज, धावती मुलं: डीएसएलआर. डी-५००चं उत्पादन २०२२मध्ये थांबलं, मिररलेसचा जमाना आला, त्यामुळे चांगल्या लेन्ससुद्धा जुन्या बाजारात परवडू लागल्यात. एक मात्र दोघांनाही लागू आहे. दुपारी तापलेल्या पाण्यावरची हवा थरथरते. तेव्हा दोन्ही कॅमेरे पिशवीत ठेवा आणि डबा उघडा.

गेल्या डिसेंबरात आम्ही भिगवणला गेलो. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित येतात आणि ऑस्प्रेही. कोळ्याच्या नावेत बसताना माझ्या गळ्यात तीन किलो, बाबांच्या गळ्यात एक. नाव डुलत होती, समोर रोहितांचा थवा पाण्यावरून धावत उठला आणि मला हवं ते मिळालं. परतताना दूर वाळलेल्या बाभळीवर एक ऑस्प्रे बसलेला दिसला. मी कॅमेरा उचललाच नाही. बाबांना म्हटलं, "तुम्ही बघा ना, पायात काही आहे का."

त्यांनी बराच वेळ बघितलं. "नाही गं, काही नाही," म्हणाले आणि कॅमेरा माझ्या हातात दिला, मलाही बघता यावं म्हणून.